उद्यमनगरातली रायफल

११ ऑगस्ट २००८. बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राला सुवर्णपदक मिळालं आणि त्याच आठवड्यात आमच्या बारा वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, मला रायफल शिकायचीय." कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर चौकशी केली. जर्मन मॅच रायफल म्हणजे लाखाच्या पुढची बात. माझा पगार तेव्हा कारकुनाचा. रेंजवरची सामाईक रायफल आठवड्यातून दोनदा, तीही तासभर वाट्याला यायची. शेवटी साडेचार हजारांत साधी देशी स्प्रिंगची एअर रायफल घेतली. पुढची सहा वर्षं त्या रायफलीने आमच्या घरात जागा, पैसा आणि रविवार सगळंच व्यापलं.

स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढला की आतला दट्ट्या जोरात पुढे सुटतो. बंदूक आधी मागे येते, मग पुढे जाते, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत होतं. म्हणून ती घट्ट आवळून धरली की छर्रे कागदभर पसरतात. जर्मन कारागिरांनी साठच्या दशकातच यावर उपाय काढला होता. त्यांच्या फाइनवर्कबाऊ ३०० मध्ये बंदुकीची अख्खी यंत्रणाच रुळांवर मागे सरकते, आणि धक्का खांद्यापर्यंत पोचत नाही. आमच्याकडे रूळ नव्हते. लेकीला दर वेळी तंतोतंत तीच पकड, तोच खांदा, तोच गाल ठेवायला शिकावं लागलं. छर्रा सुटल्यावरही दोन श्वास तशीच उभी राहायची.

नळीला आणि स्प्रिंगला आम्ही हात लावला नाही. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य नव्हतं आणि नेमबाजीच्या दृष्टीने गरजेचंही नव्हतं. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला ताकद लागतेच किती! बदललं ते बाकीचं सगळं. सर्वांत आधी पीप साईट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची. वापरलेली, परदेशी, पाच हजारांची, म्हणजे रायफलीपेक्षा महाग. घरात यावरून अबोला झाला, पण माझा एवढा एकच खर्च मी आजही छातीठोकपणे योग्य म्हणेन. साईट उंच बसली, त्यामुळे गाल लाकडाला टेकेना. सुतारमामांनी सागवानाचा तुकडा तासून तासून दस्त्यावर बसवला. लेकीला समोर उभी करून, गालाला लावून, पुन्हा रंधा. असं तीन संध्याकाळी चाललं. बटामागे लाकडाच्या चकत्या घातल्या. पोरगी वाढेल तशी एकेक वाढवायची, हीही मामांचीच कल्पना.

वजनाच्या बाबतीत मात्र चूक झाली, आणि ती माझी. रायफल स्थिर हवी तर जड हवी, असं वाचलं होतं. उद्यमनगरात मित्राच्या लेथवर लोखंडी गोळे कातून नळीखाली बसवले. साडेपाच किलोच्या मर्यादेच्या आत होतो, म्हणून मी खूश. तेरा वर्षांच्या मुलीची कंबर दुखू लागली, तिने महिनाभर सांगितलंही नाही. कळलं त्या रात्री गोळे काढले. ते अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहेत.

छर्‍यांवर मी दोन वर्षं कंजूषपणा केला. चपट्या तोंडाचा छर्रा कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतो. आमचे स्वस्त छर्रे अर्धवट फाडायचे. गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर, दुकान बंद झाल्यावर, आम्ही बापलेकीने अर्ध्या अर्ध्या ग्रॅमचे ते दाणे तोलून वेगळे केले. शिसं असतं, म्हणून घरी आल्यावर हात साबणाने धुवायचे हा तिचा दंडक. तोलून फरक पडला, पण थोडा. चांगल्या छर्‍यांचा एकाच लॉटचा डबा आणल्यावर जो पडला, त्यापुढे काहीच नाही.

२०१० च्या ऑगस्टमध्ये आमच्याच गावच्या तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विजेतेपद आणलं. तेव्हापासून रेंजवर रांग लागू लागली आणि आमच्या सागवानी गालाकडे बघून कोणी हसेनासं झालं.

मग २०१३ आलं. तोवर दहाच्या रेषेला छर्रा शिवला की दहा. मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा साडेचारचा, म्हणून साध्या रायफलीलाही दहा मिळत. नव्या नियमांनी एअर रायफलच्या पात्रता फेरीत दशांश आणले. १०.१ आणि १०.८ वेगळे झाले, आणि आमच्या बंदुकीचं जे झाकलेलं होतं ते उघडं पडलं. लेकीचे दहा तेवढेच होते, बेरीज मात्र मागे राहू लागली. इथे सुतारमामांचा रंधा पुरणार नव्हता. २०१४ मध्ये पतसंस्थेचं कर्ज काढून वापरलेली जर्मन रायफल घेतली. दाबलेल्या हवेवर चालणारी, जवळजवळ धक्काच न देणारी. पहिल्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, ही काही बोलतच नाही." तिचे गुण वाढायला तीनच आठवडे लागले, कारण सहा वर्षांची ती शिस्त हातात होतीच.

२०१८ पासून महिलांना चाळीसऐवजी साठ शॉट मिळाले, छर्‍यांचा खर्च दीडपट झाला. ती राज्य स्पर्धेपर्यंत पोचली, मग नोकरीला लागली.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिम्पिक कांस्य जिंकलं. रात्री पुतण्याचा फोन आला, "काका, माळ्यावरची ती रायफल आहे ना अजून?" त्याची मुलगी अकरा वर्षांची. सुतारमामा आता नाहीत. मी स्वतःच बसून बटाच्या चार चकत्यांपैकी तीन काढल्या. गालाचा सागवान तसाच ठेवला, तिला थोडा उंच होतोय, पुढच्या रविवारी तासायचाय.