मुक्या जिवाचे औषधपाणी आणि घरचे अंदाजपत्रक

रात्रीचे दहा वाजलेले. घरातला मोती सकाळपासून काही खात नाही, नुसता कोपऱ्यात पडून आहे. मुले रडवेली झालेली. डॉक्टर रक्ततपासणी, सोनोग्राफी, सलाईन असे एकेक सांगत जातात आणि खर्चाचा आकडा ऐकून आई-बाबा एकमेकांकडे पाहतात. मोती घरचाच, पण महिनाअखेर आहे! हा प्रसंग आज कितीतरी घरांत घडतो.

पूर्वी लक्षणे पाहून एखादे इंजेक्शन दिले जाई. आता माणसांसारख्याच तपासण्या आणि भूल देऊन शस्त्रक्रिया होतात. त्यामुळे जीव वाचतात, पण बिल सारे कुटुंबावरच पडते.

या बाबतीत तंजावरची आठवण होते. तिथले मराठी राजे दुसरे सर्फोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे बनत. त्यांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात हत्ती-घोड्यांच्या शास्त्रावरचे सचित्र ग्रंथ आहेत. खर्च अर्थातच राजाच्या तिजोरीतून. हत्ती-घोडे राज्याच्या कामाचे. घरच्या मोतीचा राजा म्हणजे आपणच!

तरीही सार्वजनिक आधार अगदीच नाही असे नाही. तंजावर-पट्टुकोट्टै रस्त्यावरच्या ओरत्तनाडला सर्फोजींनी मुक्तांबाळच्या नावाने छत्र, म्हणजे धर्मशाळा बांधली. त्याच गावात २०१२ पासून सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय जनावरांची सेवा करते आहे. सरकारी आणि महाविद्यालयीन दवाखान्यांत शुल्क सहसा खासगीपेक्षा कमी असते. आपल्या जवळचा असा दवाखाना कोणता, त्याच्या वेळा काय, हे प्राणी धडधाकट असतानाच विचारून ठेवावे.

आणखी काही गोष्टी घरच्या घरी जमण्यासारख्या आहेत :

• पिल्लाचे लसीकरण वेळेवर करा. पार्व्होच्या उपचारापुढे लसीचा खर्च काहीच नाही, आणि रेबीज झाल्यावर तर उपायच उरत नाही.

• गोचिडांकडे दुर्लक्ष करू नका. त्यांच्यापासून ताप येतो.

• मादीची वेळीच नसबंदी केल्यास गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो.

• पैसे वाचवण्यासाठी घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

• दूधवाल्याच्या बिलासारखी दरमहा थोडी रक्कम मोतीच्या नावाने बाजूला काढा. कुत्र्याचा विमाही उतरवता येतो. अटी मात्र नीट वाचा.

आणि डॉक्टरांना आपली ऐपत मोकळेपणाने सांगा. कोणती तपासणी आजच हवी, कोणती थांबू शकते, गुण येण्याची आशा किती, हे विचारण्यात कमीपणा नाही. कधी कधी वेदना थांबवणे एवढेच हाती उरते. तेव्हा आपण माया कमी केली असे मनाला लावून घेऊ नका. मुलांनाही ते समजावून सांगा. त्यांना ते कळते.