फ्रेम रेटचा जमाखर्च

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने ‘सायबरपंक २०७७’ हा आपला महाकाय खेळ १० डिसेंबर २०२० रोजी जगापुढे ठेवला, तेव्हा त्यातल्या नाइट सिटी नावाच्या शहराचा भार पेलताना भले भले संगणक मेटाकुटीस आले. आणि पुढच्या काही दिवसांतच खेळाडूंनी स्वतः शोधून काढलेले दोन उपाय वाऱ्यासारखे सर्वत्र पसरले. पहिला असा, की खेळाच्या फोल्डरमध्ये मेमरीच्या वाटपाविषयी जी एक लहानशी फाईल आहे, ती उघडून तिच्यातले आकडे आपल्या रॅमच्या मानाने वाढवावेत. दुसरा असा, की मूळ प्रोग्रॅममधल्या काही बाइट बदलून एएमडीच्या रायझेन प्रोसेसरला आपले सर्व थ्रेड वापरण्याची मुभा द्यावी. दोन्ही उपाय करून पाहणाऱ्या असंख्य खेळाडूंनी आपला फ्रेम रेट वाढल्याची ग्वाही दिली, आणि ती देताना त्यांच्यापैकी कोणी खोटे बोलत होते असे मानण्यास काडीचेही कारण नाही.

त्याच डिसेंबरात निघालेल्या १.०५ क्रमांकाच्या दुरुस्तीसोबत कंपनीने जे टिपण दिले, त्यात या दोन्ही उपायांचा निवाडा झाला. ती फाईल खेळ घडविताना मेमरीचा अंदाज घेण्यासाठी वापरलेली आणि नजरचुकीने मागे राहिलेली होती, प्रत्यक्ष वाटपावर तिचा तिळमात्र अंमल नव्हता, आणि लोकांना जाणवलेली सुधारणा खेळ बंद करून पुन्हा सुरू केल्यामुळे झाली असावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. थ्रेडच्या बाबतीत मात्र एएमडीच्या सहकार्याने चाचण्या घेतल्यावर असे आढळले, की चार आणि सहा कोअरच्या रायझेनना त्याचा खरोखरच लाभ होतो, आठ व त्याहून अधिक कोअरच्या प्रोसेसरना होत नाही. म्हणून पहिल्यांसाठी बदल केला आणि दुसऱ्यांना हात लावला नाही. या विषयावर जे काही लिहिले गेले आहे त्यात त्या टिपणातले हे दोन परिच्छेद मला सर्वांत मोलाचे वाटतात. कारण दोन्ही दाव्यांच्या पाठीशी सारखीच प्रामाणिक साक्ष असता, एक दावा निराधार आणि दुसरा (तोही ठरावीक मर्यादेत) खरा, हा भेद केवळ मोजमापाने उघड झाला.

आता मोजायचे ते काय, हे पाहू. फ्रेम रेट म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी पूर्ण चित्रे, ही व्याख्या सर्वांना पाठ असते. परंतु ती उलटवून पाहिल्याखेरीज मर्म हाती लागत नाही. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, १२० हवी असतील तर ८.३, आणि ३० वर समाधान मानले तर ३३.३. या मुदतीत दोघांना आपापले काम उरकावे लागते. प्रोसेसर हा कचेरीतल्या अव्वल कारकुनासारखा: कोण माणूस कोठे चालला आहे, कोणती मोटार कशावर आदळली, कोणती वस्तू नजरेच्या टप्प्यात आली, याची टिपणे करून तो चित्राच्या हुकमांचे बाड ग्राफिक्स कार्डाकडे रवाना करतो, आणि कार्ड त्या हुकमांबरहुकूम लाखो पिक्सेल रंगविते. कार्ड एक चित्र रंगवीत असता कारकून पुढच्याच्या तयारीस लागलेला असतो. त्यामुळे दोघांच्या वेळांची बेरीज होत नाही, तर जो अधिक रेंगाळतो त्याच्या वेळाइतकाच काळ प्रत्येक चित्रास लागतो. कारकून रेंगाळत असेल तर कार्डाचे काम कितीही हलके केले तरी चित्र एक क्षणही लवकर येणार नाही. बहुतेक गैरसमजांचे मूळ या एका गोष्टीच्या विस्मरणात आहे.

गेल्या मे महिन्यात मी नागपूरला बहिणीकडे गेलो असता माझ्या भाच्याने मला हा प्रकार प्रत्यक्ष दाखविला. “मामा, सगळी सेटिंग्ज लो केली, तरी बाजारात शिरलं की एफपीएस पडतोच,” असे म्हणून त्याने नाइट सिटीतल्या एका गजबजलेल्या बाजारात आपले पात्र उभे केले. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा चाळिशीच्या खाली घसरत होता, आणि टास्क मॅनेजर मात्र प्रोसेसर निम्माही वापरात नाही असे सांगत होता. तेव्हा दोष ग्राफिक्स कार्डाचाच, नवे कार्ड घ्यावे लागणार, असा त्याचा निष्कर्ष होता.

प्रोसेसरच्या वापराचा एकूण आकडा कमी म्हणजे प्रोसेसर मोकळा, हा गैरसमज इतका स्वाभाविक आहे की त्याबद्दल कोणास दोष देववत नाही. त्याच्या प्रोसेसरला सहा कोअर आणि बारा थ्रेड होते. त्यांतला एक थ्रेड जरी काठोकाठ भरला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा अवघा ८.३ टक्के. खेळाचे काम अनेक थ्रेडमध्ये विभागलेले असले, तरी त्याचा काही भाग एकामागून एकच उरकावा लागतो, आणि तो ज्या थ्रेडवर पडतो तो तुंबला की उरलेले अकरा नुसते वाट पाहत बसतात. म्हणून एकूण आकडा पाहू नये. ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहावा. तो शंभराच्या अगदी जवळ असेल तर कार्ड ही अडचण. तो बराच खाली असेल, आणि व्ही-सिंक किंवा फ्रेमची कमाल मर्यादा लावलेली नसेल, तर अडचण कार्डाच्या अलीकडे कोठेतरी आहे. आम्ही आणखी एक पडताळा घेतला. रेझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणले, म्हणजे रंगवायचे पिक्सेल सुमारे २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर, निम्म्याहूनही खाली आले, आणि तरीही त्या बाजारातला आकडा एक-दोन फ्रेमपलीकडे हलला नाही. रेझोल्यूशन घटविले की वेग वाढलाच पाहिजे, हा दुसरा समज तेथेच निकालात निघाला.

मग आम्ही कॅबिनेटची बाजू उघडली. आठ-आठ जीबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजता पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये एकमेकींना खेटून बसविलेल्या होत्या. चार स्लॉटच्या बहुतेक मदरबोर्डांवर शेजारचे दोन स्लॉट एकाच चॅनलवर असतात आणि दोन पट्ट्या दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसविण्याची सूचना मॅन्युअलमध्ये छापलेली असते. ती ज्याने यंत्र जोडले त्याने वाचली नव्हती. बायॉसमध्ये शिरून पाहिले तर ३२०० ची म्हणून विकत घेतलेली रॅम २१३३ वर चालली होती, कारण एक्सएमपी नावाची जी सोय सुरू करावी लागते ती कोणी सुरूच केली नव्हती. आता हिशेब पाहावा: डीडीआर४ रॅम ३२०० च्या वेगाने दोन चॅनलवर चालली तर तिची कमाल क्षमता सेकंदाला ५१.२ जीबी, एका चॅनलवर २५.६, आणि २१३३ च्या वेगाने एका चॅनलवर जेमतेम १७. म्हणजे पैसे पूर्ण मोजूनही हक्काच्या क्षमतेचा एक-तृतीयांश भागच त्या पोराच्या पदरात पडत होता, आणि गर्दीतल्या शेकडो हालचालींची माहिती मेमरीतून मागविणारा प्रोसेसर त्या अरुंद वाटेवर खोळंबत होता. ज्याने आपल्या बचतीतून यंत्र घेतले त्याच्यावर असा अन्याय व्हावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.

पट्ट्या योग्य जागी बसवून एक्सएमपी सुरू केल्यावर बाजारातला तो आकडा स्पष्टपणे वर आला. जास्त रॅम म्हणजे जास्त वेग, या समजातला खरा-खोटा अंश यावरून निवडता येतो. रॅम अपुरी असेल तर खेळ अडखळतो आणि ती वाढविणे अगत्याचेच. परंतु पुरेशी असता तिच्यात आणखी भर घातल्याने काही साधत नाही. अनेक लॅपटॉप रॅमच्या एकाच पट्टीसह विकले जातात. त्यांना दुसरी पट्टी जोडल्यावर जो फरक पडतो, तो आकार वाढल्यापेक्षा दुसरा चॅनल उघडल्याने पडण्याचाच संभव अधिक.

राहिली सेटिंग्जची गोष्ट. सर्व काही ‘लो’वर नेणे हा उपाय नसून सरसकट जप्ती आहे, आणि तीत निरपराध्याचीही मालमत्ता जाते. टेक्श्चर ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मावत असतील तर ती उत्तम दर्जाची ठेवण्यास जवळजवळ काहीच मोल पडत नाही. ती मावेनाशी झाली, की मात्र माहिती मुख्य रॅममधून ने-आण करावी लागते आणि खेळ झटके देऊ लागतो. याउलट स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन्सची ‘सायको’ ही वरची पायरी कार्डाचा अतोनात वेळ खाते आणि तिचा चित्रावरील परिणाम धावत्या खेळात क्वचितच नजरेस येतो. व्हॉल्युमेट्रिक फॉगचेही पुष्कळ अंशी तेच. गर्दीची घनता, अर्थात क्राउड डेन्सिटी, हा भार कारकुनावरचा आहे. म्हणून भाच्याच्या यंत्रावर तीच एक पायरी खाली आणणे श्रेयस्कर ठरले आणि टेक्श्चर पुन्हा ‘हाय’वर नेता आली. रे ट्रेसिंगविषयी असा समज आहे की त्याचा बोजा केवळ कार्डावर पडतो. वस्तुतः किरणांच्या गणितासाठी दृश्यातल्या वस्तूंची जी रचना सतत अद्ययावत ठेवावी लागते, तिच्यात प्रोसेसरचाही वेळ जातो.

सरासरीच्या आकड्यावर विसंबणे हीही एक मोठी फसगत आहे. समजा, एका सेकंदात ५९ चित्रे प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आली आणि एकाच चित्राला ४१० मिलिसेकंद लागले, तर बेरीज बरोबर एक सेकंद भरते आणि सरासरी ६० फ्रेम दिसते. परंतु त्या एका चित्रापाशी मोटार जागच्या जागी थिजते आणि पुढच्या क्षणी भिंतीवर आदळलेली आढळते. म्हणून जाणते लोक सरासरीसोबत सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही पाहतात. एसएसडीविषयीचा घोळही येथेच सुटतो. एसएसडीने सरासरी वेग सहसा वाढत नाही. परंतु वेगाने मोटार हाकताना शहराचा पुढचा भाग ज्या ठिकाणी वेळेवर डिस्कवरून यावा लागतो, तेथले झटके ती कमी करते. २०२३ च्या २.० आवृत्तीपासून या खेळाच्या किमान आवश्यकतांतूनच जुनी हार्ड डिस्क वगळली गेली, ती याच दृष्टीने रास्त म्हणावी लागेल.

मानवी डोळ्यास २४ चित्रांपलीकडे काही कळत नाही, हे विधान अजूनही ठामपणे केले जाते. २४ हा आकडा चित्रपट बोलू लागले तेव्हा, ध्वनीचा दर्जा आणि फिल्मचा खर्च यांचा मेळ घालून ठरलेला आहे. आपला मराठी बोलपटही १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून त्याच गतीने चालत आला. नेत्रेंद्रियाच्या मर्यादेशी त्याचा संबंध नाही. प्रोजेक्टरमध्ये तर तीच एक फ्रेम शटरने दोन-तीनदा उजळविली जाते, कारण नुसत्या २४ उजेडांचे लुकलुकणे प्रेक्षकांच्या डोळ्यांस सहन होत नाही. आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात हालचालीची जी पुसटता आपोआप उतरते ती खेळाच्या चित्रात नसते. शिवाय खेळात हाताने दिलेली आज्ञा आणि डोळ्यांना दिसणारा परिणाम यांतील अंतरही महत्त्वाचे असते. अर्थात १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच ठेवलेला असेल, किंवा त्याची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला जोडलेली असेल, तर हा सारा वाद व्यर्थ. आणि या दोन्ही चुका दिसतात त्याहून सार्वत्रिक आहेत.

‘गेम बूस्टर’ म्हणून जे प्रोग्रॅम फुकट मिळतात त्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. रॅम मोकळी केल्याचा जो आकडा ते मोठ्या अक्षरांत दाखवितात, ती बहुधा विंडोजने पुढच्या सोयीसाठी जपून ठेवलेली माहितीच असते, आणि ती काढून टाकली तर पुन्हा डिस्कवरून आणावी लागते. त्यापेक्षा पंख्यांवरची धूळ झाडावी. विदर्भातल्या उन्हाळ्यात खोलीचेच तापमान चाळिशीला टेकले, की प्रोसेसर आणि कार्ड स्वसंरक्षणार्थ आपला वेग स्वतःच घटवितात. लॅपटॉप चार्जरविना चालविला तरी तेच घडते.

शेवटी अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन या दोन भिन्न गोष्टींचा जो एकच गोळा केला जातो, तो वेगळा करणे प्राप्त आहे. डीएलएसएस, एफएसआर किंवा एक्सईएसएस यांचे अपस्केलिंग चित्र लहान आकारात रंगवून मोठे करते: ३८४० × २१६० च्या पडद्यावर डीएलएसएस किंवा एफएसआरचा ‘परफॉर्मन्स’ पर्याय निवडला तर प्रत्यक्षात १९२० × १०८०, म्हणजे चतुर्थांश पिक्सेल रंगविले जातात, आणि ‘क्वालिटी’ निवडला तर २५६० × १४४०. भार कार्डावर असेल तर हा उपाय रामबाण. कारकून रेंगाळत असेल तर भाच्याच्या बाजारात रेझोल्यूशन उतरविण्याने जे साधले तेवढेच याने साधणार. फ्रेम जनरेशनची जात निराळी. ते खेळाने घडविलेल्या दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये आपली रचलेली फ्रेम बसविते, म्हणून प्रोसेसर अडखळत असतानाही पडद्यावरचा आकडा वाढतो. परंतु मधली फ्रेम रचण्यासाठी पुढची खरी फ्रेम आधी हाती यावी लागते आणि मधली दाखवून होईपर्यंत तिला रोखून धरावे लागते, आणि तुमच्या माउसची हालचाल तर खऱ्या फ्रेममध्येच उमटते. मूळ वेग ३० असता पडद्यावर साठाच्या आसपास दिसले, तरी हाताला तो खेळ ३० चाच, किंबहुना किंचित जडच लागतो. मूळ वेग साठीत असेल तर ही उणीव फारशी जाणवत नाही आणि दृश्य खरोखर मुलायम होते.

भाच्याने हा पर्याय सुरू करून पाहिला, दहा-पंधरा मिनिटे नाइट सिटीतून मोटार फिरविली आणि बंद केला. मग एक जुनी वही काढून त्याने तारीख, बदललेले एकच सेटिंग, सरासरी आणि मंद एक टक्का असे चार रकाने आखले, खेळातलाच बेंचमार्क प्रत्येक बदलापाठोपाठ तीनदा चालविला, आणि मी नागपूर सोडले तोवर त्या वहीची अडीच पाने भरली होती. नव्या कार्डाचा विषय त्यानंतर निघाला नाही.