बायोगॅसमधून कार्बन डायऑक्साइड वेगळा करणारा प्लास्टिकचा पडदा नेमकं काम कसं करतो?

कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली न उघडता बरेच महिने तशीच ठेवून बघा. नंतर झाकण फिरवलं की आधीसारखा ‘फस्स’ आवाज येत नाही. बाटलीला भोक नाही, झाकण पण घट्ट, मग गॅस गेला कुठे? तो हळूहळू प्लास्टिकमधूनच बाहेर पडला! कोल्ड्रिंक कंपनीसाठी ही डोकेदुखी आहे, पण बायोगॅसवाल्यांसाठी हाच गुण कामाचा आहे.

आपल्याकडे याचा काय संबंध?

लातूर-नांदेडकडे साखर कारखाने भरपूर. उसाचा रस साफ करताना उरणाऱ्या गाळाला प्रेसमड म्हणतात. हवा न लागू देता तो कुजवला की बायोगॅस मिळतो. त्यापासून गाडीत भरायचा सीबीजी, म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅस, तयार व्हावा म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आणली.

अडचण अशी, की कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन साधारण ५० ते ६५ टक्केच असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो जळत नाही, टाकीत नुसती जागा अडवतो. भारतीय मानकानुसार गाडीच्या इंधनात मिथेन किमान ९० टक्के लागतो.

कार्बन डायऑक्साइड काढायची एक पद्धत म्हणजे दाबाखाली गॅस पाण्याने धुणे. पण २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पाण्यावर चालणारा प्लँट उभारताना दहादा विचार करावा लागतो. पॉलिमरच्या पडद्याला धुवायला पाणी लागत नाही आणि केमिकलही लागत नाही.

ही चाळणी नाही

पडद्याला बारीक भोकं असतील असं आपल्याला वाटतं. तसं नाही. गॅस आधी पॉलिमरमध्ये विरघळतो, मग त्याच्या साखळ्यांमधल्या फटींतून सरकत कमी दाबाच्या बाजूला निघतो. यात कार्बन डायऑक्साइड दोन्हीकडे पुढे असतो. एक तर तो मिथेनपेक्षा जास्त विरघळतो, आणि त्याचा रेणू पण बारीक असतो: ३.३ अँगस्ट्रॉम, मिथेनचा ३.८. (एका मीटरचे हजार कोटी भाग केले की एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम.) एवढ्याशा फरकावर सगळा खेळ!

प्रत्यक्षात केसासारख्या हजारो पोकळ नळ्या एका पाइपात भरलेल्या असतात. दाब देऊन गॅस आत सोडला की कार्बन डायऑक्साइड नळ्यांच्या भिंतीतून बाहेर पडतो आणि मिथेन बराचसा आतच राहतो.

मग गडबड कुठे होते?

फोनमध्ये परफॉर्मन्स वाढवला की बॅटरी लवकर उतरते ना, तसंच इथेही आहे. जो पडदा गॅस भराभर सोडतो, तो निवड नीट करत नाही. निवड चांगली करणारा पडदा स्लो असतो. लॉइड रोबसन यांनी १९९१ मध्ये ही मर्यादा आलेखावर मांडली. नवीन पॉलिमर आले, तशी २००८ मध्ये त्यांनीच ती रेषा थोडी वर सरकवली.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. ज्याला बाहेर काढायचं, तो कार्बन डायऑक्साइडच पडद्याला बिघडवतो. तो जास्त विरघळला की पॉलिमर फुगतो, साखळ्या सैल होतात आणि मिथेनही निसटायला लागतो. उष्णतेनेही असंच होतं. गॅस भराभर जातो, पण निवड घसरते. म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गॅस आधी थंड करणं महत्त्वाचं. त्यातला ओलावा आणि हायड्रोजन सल्फाइडसुद्धा आधीच काढावा लागतो.

निसटलेला मिथेन महागात पडतो

तो गेला म्हणजे विकायचं इंधन गेलं. शिवाय १०० वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट जास्त तापमान वाढवतो. म्हणून प्लँटमध्ये पडदे दोन-तीन टप्प्यांत लावतात आणि निसटलेला गॅस पुन्हा फिरवून आणतात.

तर तुमच्या भागात सीबीजी प्लँट आला, तर ‘गॅस किती शुद्ध?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘बाहेर सोडलेल्या गॅसमध्ये मिथेन किती?’ हेही विचारा. प्लँट खरंच फायद्याचा आहे का, ते या दुसऱ्या उत्तरावरून कळेल.