उतरता काठ

मे महिन्यात खामगाव सोडून बोथ्याच्या घाटाने बुलढाण्याकडे चढू लागलं, की दोन्ही बाजूंचं जंगल हाडं मोजता येतील इतकं उघडं पडलेलं असतं. सागाला पान नाही. सालईच्या खोडांवरून सालीचे पापुद्रे सुटलेले. पाचोळा असा कडक वाळलेला, की त्यातून सरडा पळाला तरी मोठं जनावर गेल्याचा भास व्हावा. ओढ्यांच्या पात्रांत दगडच दगड. अशा रानात मध्येच सिमेंटची एक उथळ बशी जमिनीत बसवलेली दिसते. या काठावरून त्या काठावर जायला चार-पाच पावलं पुरतात, आणि मधोमध जेमतेम गुडघाभर पाणी. ज्ञानगंगा अभयारण्य समजून घ्यायचं असेल, तर या बशीपासून सुरुवात करावी.

बशीचं सगळं मर्म तिच्या काठात आहे. उभ्या भिंतींचा हौद बांधणं सोपं, त्यात पाणीही जास्त मावतं. पण तहानेने वाकलेलं मुंगूस किंवा तितराचं पिल्लू त्यात पडलं की बाहेर येत नाही. बशीचा काठ हळूहळू उतरत जातो. पाणी कमी-जास्त झालं तरी त्याची कड सापडते, आणि आत गेलेला जीव त्याच उतारावरून परत येतो. जिथे बोअरला पाणी आहे तिथे सौरपंप ही बशी भरतो, नाहीतर टँकर येतो. सकाळी पाणवठ्यावर आलेला वनरक्षक पाण्याआधी भोवतालची जमीन बघतो. कुठे तारेचा फास लावलाय का, पाण्यात कोणी काही कालवलंय का, आजूबाजूला पाखरं मरून पडलीत का. उन्हाळ्यात सगळी जनावरं पाण्यापाशी येतात, हे शिकाऱ्यालाही ठाऊक असतं. मग तो ठसे बघतो. रोह्याचे खूर, रानडुकरांनी उकरलेला चिखल, आणि एखाद्या दिवशी माणसाच्या तळपायासारखा, पण पुढे लांब नखांच्या खुणा असलेला अस्वलाचा पाय.

अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं हे २०५ चौरस किलोमीटरचं रान १९९७ साली अभयारण्य झालं. त्याला नाव मिळालं ते पुढे पूर्णेला मिळणाऱ्या ज्ञानगंगा नदीचं. बुलढाणा, चिखली, मोताळा आणि खामगाव या तालुक्यांत ते पसरलं आहे. साग, सालई, धावडा, अंजन, तेंदू, पळस हा इथला झाडझाडोरा. अस्वल, बिबट, रोही, चितळ, तरस, मोर हे रहिवासी. पलढगच्या धरणाचं पाणी म्हणजे या रानाचा मोठा आधार.

हे वाळवंट नव्हे. वाळवंटातल्या जिवाला कोरडेपणा पिढ्यानपिढ्या अंगवळणी पडलेला असतो. चिंकारा झाडपाल्यातल्या ओलाव्यावर दिवसच्या दिवस काढतो. इथल्या रानाची अडचण वेगळी आहे. चार महिने ते हिरवंगार, ओढे वाहते, आणि मार्चनंतर तेच रान कोरडं ठाक. अस्वलाला, बिबट्याला, चितळाला पाणी लागतंच. रानात ते मिळालं नाही तर वास त्यांना शेताकडे नेतो.

वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला महाराष्ट्रातल्या जंगलांत पाणवठ्यांवर रात्र काढण्याची रीत आहे, ती ज्ञानगंगेतही आहे. मचाणावर बसायचं, टॉर्च लावायची नाही, बोलायचं नाही, चंद्राच्या उजेडात जे येईल त्याची नोंद करायची. पाणी थोडं, उजेड भरपूर, म्हणून ही रात्र. एकच रोही तीनदा पाणी प्यायला आला तर तीन रोही लिहिले जाण्याचा धोका असतो, त्यामुळे शास्त्रीय गणनेसाठी या रात्रीची जागा आता कॅमेरा ट्रॅपने घेतली आहे. तरीही त्या रात्री मचाणावर बसलेल्या माणसाला एक गोष्ट कळते, ती कोणत्याही तक्त्यात नसते. जनावर पाण्याकडे सरळ येत नाही. ते थांबतं, वास घेतं, मागे फिरतं, पुन्हा येतं. पिताना त्याची मान खाली असते आणि कान मागे. परतीची वाट मोकळी आहे याची खात्री पटेपर्यंत ते तोंड लावत नाही.

आता अभयारण्याबाहेर येऊ. हद्दीला लागून कपाशी, सोयाबीन, तुरीची शेतं, आणि शेतात विहिरी. त्यातल्या कितीतरी विहिरींना कठडा नाही. तोंडापाशी गवत माजलेलं, रात्रीचा अंधार, आणि डुकरामागे धावलेला बिबट सरळ खाली. रोही पडतो, अस्वल पडतं. हाही पाणवठाच, पण उभ्या काठाचा.

मग सुरू होतो बचाव. पाणी खोल असेल तर जनावर पोहून दमायच्या आत त्याला टेकायला काहीतरी द्यावं लागतं. चार टोकांना दोर बांधून बाज खाली सोडतात. दमलेला बिबट तिच्यावर चढतो आणि वर बघून गुरगुरत बसतो. पुढचं सगळ्यात अवघड काम विहिरीत नसतं, काठावर असतं, म्हणजे जमलेल्या गर्दीला हटवणं. शेकडो माणसं आणि तितकेच मोबाईल भोवती असताना कोणतंही जनावर वर येणार नाही. वर आलंच तर ते कोणावर जाईल याचा नेम नाही. म्हणून अनेकदा उत्तम उपाय सर्वांत साधा असतो. शिडी नाहीतर फांद्या असलेलं लाकूड तिरकं सोडायचं, दिवे मालवायचे आणि मागे सरायचं. सकाळी ओल्या मातीत बाहेर गेलेले पंजे दिसतात. उभ्या विहिरीला रातोरात उतार करून दिला, एवढंच काय ते झालेलं असतं. जखमी जनावर मात्र पिंजऱ्यात घेऊन पशुवैद्यकांकडे न्यावं लागतं. बरं झालं आणि शिकार करण्याजोगं राहिलं, तरच ते पुन्हा रानात सोडलं जातं.

अस्वलाची गोष्ट अधिक नाजूक. त्याची नजर अधू. मोहाची फुलं वेचायला पहाटे गेलेला माणूस आणि वारुळात तोंड खुपसलेलं अस्वल यांना एकमेकांचा पत्ता लागतो तो दोन हातांवरून, आणि घाबरलेलं अस्वल तोंडावरच झेप घेतं. अशा माणसाच्या घरी अस्वल वाचवण्याची गोष्ट काढणं सोपं नाही. नुकसानभरपाई वेळेवर पोचणं आणि रानातला पाणवठा भरलेला असणं, दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत.

ज्ञानगंगेची परीक्षा घेतली ती एका वाघाने. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या टी१सी१ या नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली गेली. त्या पावसाळ्यात तो स्वतःचा मुलूख शोधायला निघाला. तेलंगणातून आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत. दिवसा झुडपात दडायचं, रात्री चालायचं. डिसेंबर २०१९ मध्ये तो ज्ञानगंगेत आला, तोवर दोन राज्यं तुडवून झाली होती. कॉलर असेपर्यंत त्याची चाल सुमारे तीन हजार किलोमीटर भरली आणि जगभरच्या बातम्यांत तो ‘वॉकर’ झाला. इथे त्याला रोही मिळाले, रानडुकरं मिळाली, पाणी मिळालं. वाघीण नव्हती. ती आणून सोडावी का, यावर बराच खल झाला. पण शेतांनी वेढलेल्या एवढ्याशा रानात वाघाचं कुटुंब मावेल का, हा प्रश्न होताच. मार्च २०२१ मध्ये तो गौताळा औट्रम घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात दिसला. अजिंठ्याच्याच रांगेने तो पश्चिमेला सरकला होता.

वाघ टिकला नाही, म्हणून काहींना हे अभयारण्याचं अपयश वाटलं. मला तसं वाटत नाही. तो आला, वर्षभराहून अधिक राहिला आणि सुखरूप निघून गेला. एवढी लहान जागा याहून जास्त काय देणार? बशीत पाणी किती मावतं याला मर्यादा असतेच. आत आलेल्याला बाहेर जाता येतं का, हे काठावरून ठरतं.

काठ मात्र दिवसेंदिवस उभा होत चालला आहे. वॉकर चालला तेव्हा समृद्धी महामार्ग वाहतुकीला खुला व्हायचा होता. आज बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेतून, मेहकर-सिंदखेडराजाकडून तो धावतो. त्यावर वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि पूल ठेवले आहेत, म्हणजे तिथेही उताराचाच विचार झाला आहे. तो विचार आता शेताच्या बांधापर्यंत यायला हवा. कंबरभर उंचीचा कठडा, आणि तो जमत नसेल तिथे विहिरीत कायमची सोडलेली एक तिरकी शिडी. पुढचा वाटसरू कोणत्या रात्री कोणत्या शेतातून जाईल, हे कोणालाच आधी कळणार नाही. त्या रात्री तिथे वनरक्षक नसेल, शिडी असली तर असेल.