रिकाम्या स्टेडियममधला हंगाम: मुंबई सिटी आणि कोरोनाची दोन वर्षं

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या मिरजगावात कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट यांचं वेड जुनं आहे. फुटबॉल मात्र मोजक्या पोरांचा, आणि तोही बहुतेक टीव्हीवरचा. मुंबई सिटी एफसीचा सामना अंधेरीच्या मैदानात असो की आणखी कुठे, आम्ही तो पडद्यावरच बघत आलो. म्हणूनच कोरोनाच्या काळात या क्लबच्या हंगामाचं नेमकं काय झालं, हे आमच्यासारख्या प्रेक्षकाला नीट कळलंच नाही. सामने दिसत होते, गोल होत होते, गर्दीचा आवाजही येत होता. तो आवाज ध्वनिमुद्रित होता आणि खुर्च्या रिकाम्या होत्या, एवढं कळत होतं. बाकीचं सगळं ऐकीव. त्या ऐकीव गोष्टी आजही पारावर, चहाच्या टपरीवर आणि मोबाइलवर जशाच्या तशा फिरतात. त्यातल्या काही तपासून बघायला हव्यात, कारण त्यांच्यामुळे काही जणांच्या पराक्रमावर अन्याय होतो आणि काही जणांच्या नुकसानीवर पांघरूण पडतं.

गैरसमज: कोरोनामुळे इंडियन सुपर लीगचा एक हंगाम पूर्ण बुडाला.

एकही बुडाला नाही. २०१९-२० चा हंगाम साथ येईपर्यंत जवळजवळ उरकला होता. राहिला होता फक्त अंतिम सामना. तो १४ मार्च २०२० रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर प्रेक्षकांविना झाला आणि एटीकेने चेन्नईयिनला ३-१ ने हरवलं. देशव्यापी टाळेबंदी त्यानंतर अकरा दिवसांनी लागली.

पुढचा हंगाम २० नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाला. टाळेबंदीनंतर भारतात झालेली ही पहिली मोठी क्रीडास्पर्धा. अकरा संघ, ११५ सामने, आणि सगळे गोव्यात: मडगावचं फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी मैदान आणि वास्कोचं टिळक मैदान. एकही सामना रद्द झाला नाही.

हे जमलं कसं, ते क्रिकेटशी ताडून पाहिलं की कळतं. २०२१ च्या वसंतातली आयपीएल मुंबई, चेन्नई, दिल्ली, अहमदाबाद अशी शहरं बदलत चालली होती. ४ मे रोजी ती थांबवावी लागली आणि उरलेले सामने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीत झाले. दुसरी लाट भयंकर होती, हे खरंच. पण विमानतळ आणि दर थोड्या दिवसांनी नवं हॉटेल, यातून धोका वाढतो हेही तितकंच खरं. फुटबॉलवाल्यांनी सगळ्यांना एकाच छोट्या राज्यात, बाहेरच्या जगापासून तोडलेल्या ‘बबल’मध्ये, आणून ठेवलं. तिन्ही मैदानं बसने सहज गाठता येतील अशी होती, सरावाची मैदानंही वेगळी दिली होती. विमानप्रवास संपल्यामुळे विषाणूची मोठी वाटच बंद झाली.

गैरसमज: पुण्याचा क्लब कोरोनाने बंद पाडला.

नगर जिल्ह्याला मुंबईपेक्षा पुणं जवळचं, म्हणून ही समजूत आमच्याकडे जास्त. पण तारखा स्पष्ट आहेत. एफसी पुणे सिटी २०१४ साली सुरू झाला, बालेवाडीत खेळला आणि २०१८-१९ नंतर पुन्हा मैदानात उतरलाच नाही. त्याच्या जागी ऑगस्ट २०१९ मध्ये हैदराबाद एफसी आला. तेव्हा कोरोना हा शब्दही कुणाच्या कानावर आला नव्हता.

खरं तर पुण्यात व्यावसायिक क्लब मिटण्याची परंपराच त्याआधी पडली होती. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत उपविजेता होता. दोन वर्षांनी त्याचा वरिष्ठ संघ गेला. डीएसके शिवाजियन्सने २०१७ मध्ये आय-लीग सोडली. यातल्या एकाही क्लबला विषाणूने मारलेलं नाही. भारतात क्लब चालवायला पैसा फार लागतो आणि परत येतो थोडा. मालकाचा उत्साह किंवा व्यवसाय ढासळला की संघ मिटतो. साथीवर खापर फोडलं की हा मूळ प्रश्न विचारायचाच राहून जातो, आणि मला ते सलतं. २०१९ च्या हिवाळ्यात ओडिशा एफसीने आपले काही ‘घरचे’ सामने बालेवाडीत खेळले, कारण भुवनेश्वरच्या मैदानाचं काम चालू होतं. मैदान उत्तम होतं, पण स्वतःचा संघ नसलेलं. आणि पुण्याची जागा घेतलेला हैदराबाद २०२१-२२ चा करंडक घेऊन गेला.

गैरसमज: मोहन बागानला २०१९-२० ची आय-लीग फुकट मिळाली.

साथीमुळे ती स्पर्धा मार्चच्या मध्यावर थांबली, पुढे संपल्याचं जाहीर झालं आणि बागान विजेता ठरला, एवढं सगळ्यांना आठवतं. विसरलं जातं ते हे, की १० मार्चला ऐझॉलला १-० ने हरवून त्यांनी विजेतेपद आधीच पक्कं केलं होतं. इतर कुणालाही त्यांना गाठणं गणितानेच शक्य नव्हतं.

गैरसमज: मुंबई सिटीचं २०२१ चं जेतेपद पोकळ आहे. ना प्रवास, ना परकी गर्दी.

यावर थोडं थांबतो, कारण महाराष्ट्रातल्या क्लबच्या सर्वोत्तम हंगामाबद्दल महाराष्ट्रातच सगळ्यात जास्त कुरबुर ऐकू येते.

प्रवास नव्हता तो कुणालाच नव्हता. परकी गर्दी नव्हती तशी आपलीही नव्हती. मुंबईचं ‘घर’ कागदावर बांबोळीला होतं. घरच्या मैदानाचा फायदा रिकाम्या स्टेडियममध्ये कमी होतो, हे युरोपातल्या त्या काळच्या सामन्यांवरून दिसलं आहे. जर्मनीत मे २०२० मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा यजमानांची सरशी घटली, आणि पाहुण्या संघांना पूर्वी पंचांकडून जास्त पिवळी कार्डं मिळत तो कलही सौम्य झाला. म्हणजे गर्दीचा दबाव पंचांवरही असतो. गोव्यात तो दबाव कुणाच्याच बाजूने नव्हता. अशा ठिकाणी पहिलं येणं सोपं कसं म्हणायचं?

आता तो हंगाम बघा. सर्जिओ लोबेरा हे प्रशिक्षक एफसी गोवाहून आलेले. अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बूमूस हेही तिथूनच. पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्टकडून ०-१ अशी हार, त्यात जाहूला लाल कार्ड. तिथून सुरुवात करून मुंबईने २० सामन्यांत ४० गुण मिळवले. एटीके आणि मोहन बागान एकत्र येऊन झालेल्या एटीके मोहन बागानचेही नेमके ४० झाले. मग परस्पर लढती मोजल्या गेल्या: जानेवारीत फातोर्डाला मुंबई १-०, आणि २८ फेब्रुवारीला, साखळीच्या शेवटच्या दिवशी, बांबोळीला २-०. म्हणजे ज्याच्याशी चुरस होती त्याला दोन्ही वेळा हरवून साखळीतल्या पहिल्या क्रमांकाची शिल्ड मिळवली.

उपांत्य फेरीत समोर आला तो एफसी गोवाच. पहिला सामना २-२, दुसरा ०-०, आणि पेनल्टी शूटआउट ६-५. निर्णायक पेनल्टी मारली ती मूळच्या गोव्याच्याच रॉलिन बोर्जिसने. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात बागानने डेव्हिड विल्यम्सच्या गोलने आघाडी घेतली, मग तिरीच्या स्वयंगोलने बरोबरी झाली, आणि ९० व्या मिनिटाला बिपिन सिंहने २-१ केलं. त्याआधी मुंबईचा अमेय रानवडे टक्करीत बेशुद्ध पडला होता. शांत स्टेडियममध्ये सगळ्यांना नुसतं बघत उभं राहावं लागलं आणि त्याला रुग्णवाहिकेतून रुग्णालयात नेलं. त्यानंतर खेळ पुढे नेऊन जिंकलेला करंडक आहे हा. शिल्ड आणि करंडक एकाच हंगामात घेणारा मुंबई पहिलाच संघ ठरला.

कस लागला तो पुढे. शिल्डमुळे मुंबईला आशियाई चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळालं, आणि ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जविया या संघाला त्यांनी २-१ ने हरवलं. या स्पर्धेत भारतीय क्लबचा हा पहिला विजय. दिएगो मॉरिसिओची पेनल्टी आणि मुंबईच्याच राहुल भेकेचा हेडर. गटात मुंबई दुसरी आली. पोकळ जेतेपदावर उभं राहून हे घडत नाही.

एक खंत मात्र खरी आहे. मुंबईच्या सगळ्यात मोठ्या हंगामातला एकही सामना महाराष्ट्राच्या मातीवर झाला नाही. अंधेरीत ढोल बडवणाऱ्या समर्थकांनी तो आमच्यासारखाच टीव्हीवर पाहिला.

गैरसमज: बबलमधले महिने म्हणजे गोव्याची सहल.

अंतिम फेरी गाठणाऱ्या संघांनी पूर्वतयारी धरून सुमारे पाच महिने हॉटेल, बस आणि मैदान एवढंच जग पाहिलं. समुद्र जवळ होता, पण तिथे जायची मुभा नव्हती. आल्यावर विलगीकरण, मग पुन्हा पुन्हा चाचण्या. घरी कुणी आजारी पडलं तर खेळाडू फोनवरच अडकलेला. सामने दाटीवाटीने. अशाच दाटीमुळे तीनऐवजी पाच बदली खेळाडू वापरायची सवलत मे २०२० मध्ये जगभर देण्यात आली; ती तात्पुरती होती, पण २०२२ मध्ये नियमातच कायम झाली.

प्रेक्षक नसल्यामुळे क्लबांचा खर्च वाचला, असंही म्हणतात. पण तिकिटांचं उत्पन्न शून्यावर आलं आणि महिनोन् महिने हॉटेल, चाचण्या, वैद्यकीय पथक हा खर्च नव्याने वाढला. वाचण्याजोगं त्यात फारसं काही नव्हतं.

गैरसमज: खेळाडू तरुण आणि तगडे. त्यांना काय होणार? नियम उगाच.

खेळाडूंच्या फुप्फुसांपुरता हा प्रश्न नव्हताच. बंद दाराआड सामने खेळवायचं मुख्य कारण गर्दी हे होतं. १९ फेब्रुवारी २०२० रोजी मिलानमध्ये अटलांटा आणि व्हॅलेन्सिया यांचा सामना झाला, आणि बर्गामोहून हजारो लोक त्यासाठी गेले. नंतर बर्गामो हे इटलीतल्या साथीचं सगळ्यात दुखरं शहर ठरलं. तो सामना प्रसाराला हातभार लावणारा ठरला असावा, असं तिथल्या डॉक्टरांनी आणि महापौरांनीही म्हटलं. आपल्याकडे जत्रा, उरूस, कुस्त्यांचे फड त्या दोन वर्षांत भरले नाहीत, ते याच कारणाने.

आणि खेळाडूंनाही झालाच. २०२१-२२ चा हंगाम पुन्हा गोव्यात होता. लस आली होती, अनुभव होता, तरी जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन बबलच्या आत शिरला. ८ जानेवारीचा बागान-ओडिशा सामना पुढे ढकलला गेला, आणि मग एकामागून एक सामने. पंधरा खेळाडू उपलब्ध असतील तरच संघाने उतरावं, असा नियम होता. १६ जानेवारीला केरळ ब्लास्टर्सकडे तेवढे नव्हते, म्हणून मुंबईविरुद्धचा त्यांचा सामना राहिला. तो शेवटी २ मार्चला झाला. केरळने तो ३-१ ने जिंकला, आणि चौथ्या जागेची चुरस तिथे केरळच्या बाजूने झुकली. तीन दिवसांनी हैदराबादकडूनही हरून मुंबई पाचवी राहिली आणि बाद फेरी हुकली. सामना जानेवारीत झाला असता तर निकाल उलटा लागला असता, असं म्हणता येणार नाही. पण एक वर्ष आधी विजेता ठरलेल्या संघाचा हंगाम साथीने हलवलेल्या तारखेवर येऊन ठेपला, हे खरं आहे. त्या हंगामाच्या अंतिम सामन्याला, २० मार्च २०२२ रोजी, फातोर्डाची दारं पुन्हा प्रेक्षकांना उघडली.

गैरसमज: साथीचं नुकसान झालं ते मोठ्या क्लबांचं.

मला सगळ्यात जास्त पटत नाही ते हे. मोठ्या क्लबांकडे बबल उभारायला पैसा होता. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांचे सामने झालेच नाहीत. राज्य संघांच्या संतोष ट्रॉफीची २०२० च्या वसंतात ऐझॉलला व्हायची अंतिम फेरी रद्द झाली. पुढची अंतिम फेरी थेट एप्रिल २०२२ मध्ये, केरळमधल्या मलप्पुरमला. राज्याच्या संघातून नजरेत भरून क्लबच्या करारापर्यंत पोचायची वाट मधला बराच काळ बंद होती.

वयोगटांतल्या मुलामुलींचं नुकसान तर भरून येणारंच नव्हतं. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तिथे एक हंगाम गेला की पोरगं त्या गटातूनच बाहेर पडतं, मग ते मुंबईचं असो की आमच्या कर्जत तालुक्यातलं.

सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २०२० च्या नोव्हेंबरात भारतात व्हायचा होता, अंतिम सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तो आधी २०२१ वर ढकलला गेला, मग रद्द झाला आणि भारताला २०२२ चं यजमानपद मिळालं. ‘पुढे ढकलला’ असंच बहुतेकांना वाटतं. पण २०२० च्या स्पर्धेला १ जानेवारी २००३ नंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या, आणि २०२२ च्या स्पर्धेला १ जानेवारी २००५ नंतरच्या. २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या ज्या मुलींनी घरच्या विश्वचषकासाठी महिनोन् महिने शिबिरं केली, त्यांच्यासाठी तो कायमचा गेला.

मोठ्या मुलींचंही तसंच. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरला. भारताने इराणशी ०-० बरोबरी केली. २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध उतरायचं, तर संघात इतक्या जणी बाधित झाल्या की किमान तेरा खेळाडूंची अट पुरी होईना. सामना झाला नाही, यजमान भारत स्पर्धेतून बाद धरला गेला आणि इराणविरुद्धची ती बरोबरीही नोंदीतून काढून टाकण्यात आली.