आठवड्यातून किती दिवस व्यायाम? : हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्राच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव तीन दशकांपूर्वीपर्यंत शेतीवर जगणारे होते. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास भरणारी म्हातोबाची यात्रा, तिच्यातील बगाड आणि पंचक्रोशीतल्या जत्रांमधून रंगणारे कुस्त्यांचे फड ही या भागाची ओळख होती. महाराष्ट्रातील कुस्तीला संघटित रूप देणारे मामासाहेब मोहोळ हे याच तालुक्याचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क उभारण्यास प्रारंभ केला. हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या शिवारात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि एकाच परिसरात शरीरश्रमाच्या दोन टोकांच्या संस्कृती शेजारी शेजारी नांदू लागल्या. एका बाजूस बांधावर दिवसभर वाकून काम करणारी पिढी आणि दुसऱ्या बाजूस दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर व त्यावर दोन-तीन तास वाहतुकीच्या कोंडीत बसून काढणारी पिढी.

या दुसऱ्या पिढीतील तरुण व्यायामशाळेत नाव नोंदविताना पहिला प्रश्न विचारतो तो असा, 'आठवड्यातून किती दिवस यायला हवे?' प्रश्न साधा वाटतो; परंतु त्याचे उत्तर व्यायामाचा प्रकार, तीव्रता, वय आणि शरीराची जडणघडण यांनुसार बदलते. प्रस्तुत लेखात या उत्तराचा शास्त्रीय आधार उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्नाचे मूळ

तालमीतल्या पैलवानाने हा प्रश्न कधी विचारला नसता. तेथे मेहनत रोजची असे. दंड, बैठका, मुद्गल, मल्लखांब आणि हौद्यातील लढत हा नित्यक्रम होता. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला, तोही दैनंदिन उपासनेच्या स्वरूपातच. स्नान-संध्येप्रमाणे व्यायाम हा दिनचर्येचा घटक मानला गेला. त्याची मोजणी आठवड्याने करण्याचे कारणच नव्हते. आठवडा हे एकक खेड्यात बाजारापुरते होते. पुढे ते कारखान्याचे व कचेरीचे झाले. 'आठवड्यातून किती वेळा' हा प्रश्न म्हणजे पगारी नोकरीच्या वेळापत्रकातून शरीरासाठी किती वेळ वगळता येईल याचा हिशेब होय. तालमीच्या परंपरेबद्दल कितीही आदर असला तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पैलवानाला रोजची मेहनत झेपत असे, कारण त्याच्या दिवसात खुराक, मालिश आणि दुपारची झोप यांनाही मेहनतीइतकेच स्थान होते. मेहनत रोजची घ्यावयाची आणि विश्रांती मात्र संगणक क्षेत्रातील, हा सौदा शरीर मान्य करीत नाही.

मानकांचा बदलता प्रवास

व्यायाम आणि हृदयविकार यांच्या संबंधाचा आधुनिक अभ्यास लंडनच्या दुमजली बसगाड्यांपासून सुरू झाला, असे म्हणता येईल. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. पुढे याच संशोधकांनी गणवेशांच्या मापांची नोंद तपासली, तेव्हा चालकांचे कंबरेचे माप मुळातच अधिक असल्याचे दिसले. त्यामुळे कार्यकारणाचा प्रश्न काहीसा गुंतागुंतीचा झाला, तरी बैठ्या कामाकडे संशयाने पाहण्यास सुरुवात झाली ती येथूनच.

१९७८ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने आठवड्यातून ३ ते ५ दिवस व्यायामाची शिफारस केली. तिचा रोख हृदय-श्वसनक्षमता वाढविण्यावर होता. १९९५ मध्ये भूमिका बदलली आणि आठवड्यातील बहुतेक, शक्य तर सर्वच दिवशी किमान ३० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल करावी, असे सांगण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दिवसांऐवजी मिनिटांचा हिशेब पुढे आणला : आठवड्याला किमान १५० मिनिटे, आणि तीही सलग १० मिनिटांपेक्षा कमी नसलेल्या टप्प्यांत. २०२० च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत ही १० मिनिटांची अट काढून टाकण्यात आली. आता प्रौढांसाठी मध्यम तीव्रतेची १५० ते ३०० मिनिटे किंवा जोमदार स्वरूपाची ७५ ते १५० मिनिटे, आणि त्याखेरीज आठवड्यातून किमान २ दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम, अशी शिफारस आहे. मध्यम तीव्रता ओळखण्याची सोपी खूण अशी, की व्यायाम करताना बोलता येते, पण गाता येत नाही. जोमदार व्यायामात चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो.

म्हणजेच दमसासाच्या व्यायामात दिवसांची संख्या गौण ठरत जाऊन एकूण मात्रा महत्त्वाची ठरत गेली. स्नायूंच्या बाबतीत मात्र दिवसांचे महत्त्व टिकून राहिले. असे का, हे पाहणे उद्बोधक आहे.

स्नायूंचे गणित

वजन उचलण्याच्या व्यायामात स्नायू वाढत नाही. तो वाढतो त्यानंतरच्या विश्रांतीत. व्यायामाने स्नायुतंतूंवर ताण येतो आणि त्यानंतर सुमारे २४ ते ४८ तास स्नायूंमधील प्रथिननिर्मितीचा वेग वाढलेला राहतो. हा वेग ओसरल्यावर पुन्हा ताण दिला तर लाभ होतो. तो चालू असतानाच त्याच स्नायूवर पुन्हा भार टाकला तर दुरुस्तीचे काम अर्धवट राहते. म्हणूनच नवशिक्यांना आठवड्यातून २ ते ३ दिवस, तेही एकाआड एक, असा सल्ला दिला जातो. अनुभवी व्यक्ती ४ ते ५ दिवस व्यायाम करतात, परंतु त्या शरीराचे भाग वाटून घेतात. आज खांदे व छाती, उद्या पाय, अशी विभागणी केल्यामुळे प्रत्येक स्नायूगटाला त्याची विश्रांती मिळते. एकूण मेहनत समान ठेवली तर ती दोन दिवसांत केली की चार दिवसांत, याने स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही, असेही अलीकडील संशोधनाचे संकलन सांगते.

वेळेअभावी चिंतातुर होणाऱ्यांना दिलासा देणारा आणखी एक प्रयोग आहे. १९८१ मध्ये हिक्सन व रोझेनकोटर यांनी आठवड्यातून ६ दिवस कठोर प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींचे दिवस ४ व २ वर आणले. तीव्रता तशीच राखली. १५ आठवड्यांनंतरही त्यांनी कमावलेली प्राणवायू वापरण्याची क्षमता टिकून होती. क्षमता कमावण्यास बरेच दिवस लागतात, राखण्यास थोडे पुरतात. प्रकल्पाची अंतिम मुदत जवळ आली म्हणून व्यायाम महिनाभर पूर्णतः बंद करणाऱ्यांनी या निष्कर्षाची दखल घ्यावी, कारण पूर्ण विराम घेतल्यास दोन ते चार आठवड्यांतच घसरण दिसू लागते.

पुण्याचे संशोधन आणि रक्तशर्करा

हिंजवडीच्या संदर्भात सर्वांत कळीचा मुद्दा मधुमेहाचा आहे, आणि त्याविषयीचे महत्त्वाचे संशोधन पुण्यातच झाले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या 'सडपातळ-मेदयुक्त' देहयष्टीची संकल्पना मांडली. त्यांनी व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. तराजू दोघांनाही निरोगी ठरवीत होता. 'माझे वजन तर ठीक आहे, मग व्यायाम कशाला?' असे म्हणणाऱ्या तरुण अभियंत्याला यापेक्षा बोलके उत्तर सापडणे कठीण.

स्नायू हे रक्तातील शर्करेचे सर्वांत मोठे ग्राहक होत. व्यायामानंतर त्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता वाढते, पण ही वाढ साधारणतः २४ ते ७२ तासच टिकते. सोमवारी केलेल्या व्यायामाचा हा लाभ गुरुवारपर्यंत पुरेलच असे नाही. याच कारणाने मधुमेहींसाठी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आठवड्याची मिनिटे सांगताना एक पुस्ती जोडली आहे : व्यायामाविना सलग दोनपेक्षा अधिक दिवस जाऊ नयेत. भारतीयांच्या देहप्रकृतीचा विचार करून डॉ. अनुप मिश्रा व इतर तज्ज्ञांनी २०१२ मध्ये सहमतीने तयार केलेली तत्त्वे अधिक कडक आहेत. त्यांनी रोज एकूण ६० मिनिटांची शिफारस केली : ३० मिनिटे मध्यम तीव्रतेचा दमसासाचा व्यायाम, १५ मिनिटे कामाच्या ओघात होणारी हालचाल आणि १५ मिनिटे स्नायूबळकटीचा व्यायाम. जागतिक किमान मर्यादा ही भारतीय शरीरासाठी पुरेशी मानू नये, हा या शिफारशीचा मथितार्थ.

वस्तुस्थिती याच्या बरीच मागे आहे. महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील १४,२२७ व्यक्तींच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत (निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध) ५४.४ टक्के व्यक्ती शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक विश्लेषणानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के होते. नोकरी आणि स्वयंपाकघर अशा दोन पाळ्या करणाऱ्या स्त्रीला 'वेळ काढा' असे सांगणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

रविवारचा सिंहगड

पाच दिवस खुर्चीत आणि रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड, ही पुण्याच्या संगणक क्षेत्राची जुनी रीत आहे. ती अगदीच त्याज्य नाही. इंग्लंड व स्कॉटलंडमधील ६३,५९१ व्यक्तींच्या २०१७ मधील अभ्यासात, आठवड्याचा व्यायाम एक-दोन दिवसांतच उरकणाऱ्यांमध्येही निष्क्रिय व्यक्तींच्या तुलनेत मृत्यूचा धोका कमी आढळला. २०२३ मध्ये, मनगटावरील यंत्राने हालचाल मोजलेल्या सुमारे ९० हजार ब्रिटिश नागरिकांच्या अभ्यासाने हृदयविकाराबाबत याला दुजोरा दिला. मात्र हे लाभ आठवड्याची १५० मिनिटे खरोखर पूर्ण करणाऱ्यांचे आहेत. महिन्यातून एकदा गड चढून समूहात छायाचित्रे पाठविणाऱ्यांचा त्यात समावेश नाही.

शिवाय रक्तशर्करेचे वर सांगितलेले ७२ तासांचे गणित रविवारच्या सिंहगडाने सुटत नाही. दीर्घ खंडानंतर एकदम कठोर व्यायाम केल्यास स्नायुपेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांवर भार टाकू शकतात. तीव्र अंगदुखीबरोबर लघवीचा रंग चहासारखा गडद झाला, तर ती केवळ 'अंग धरल्याची' खूण न समजता त्वरित रुग्णालय गाठावे. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या अथवा चालताना छातीत दडपण जाणवणाऱ्या व्यक्तींनी वैद्यकीय तपासणीनंतरच जोमदार व्यायामास प्रारंभ करणे इष्ट.

बैठकीचा दीर्घ काळ हा स्वतंत्र प्रश्न आहे. दहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे २०१६ मध्ये झालेले विश्लेषण दर्शविते, की दिवसाला ८ तासांहून अधिक बसणाऱ्यांच्या बाबतीत बसण्याशी निगडित वाढीव मृत्युधोका नाहीसा होण्यासाठी रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल लागते. प्राध्यापकवर्गाने हा आकडा केवळ अभियंत्यांसाठी आहे असे समजू नये. उत्तरपत्रिका तपासणीही बसूनच होते.

हिंजवडीचा एक आठवडा

उपरोक्त तत्त्वांचा मेळ घातला असता दिवसपाळीतील निरोगी नोकरदारासाठी एक आराखडा संभवतो. मंगळवार व शुक्रवार हे स्नायूबळकटीचे दिवस, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटे. व्यायामशाळाच हवी असे नाही, जोर-बैठका पुरेशा आहेत. सोमवार, बुधवार व गुरुवार प्रत्येकी ३० मिनिटे झपझप चाल. रविवारी बाणेर किंवा पाषाणची टेकडी, तासभर. शनिवार विश्रांतीचा. यात चालण्याची व चढण्याची मिळून १५० मिनिटे भरतात आणि एखादा दिवस हुकला तरी व्यायामाविना सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडत नाही. भारतीय तज्ज्ञांची ६० मिनिटे गाठण्यासाठी उरलेली हालचाल दिवसात पेरावी लागते. उद्वाहक टाळून जिना चढणे, दूरध्वनीवरील बैठक उभ्याने किंवा फेऱ्या मारीत ऐकणे, जेवणानंतर इमारतीला एक वळसा घालणे, अशी ती हालचाल असू शकते. १० मिनिटांची अट गेल्यामुळे हे तुकडेही आता हिशेबात धरले जातात.

रात्रपाळीचे गणित वेगळे आहे. अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे काम करून पहाटे परतणाऱ्याने झोप कापून व्यायामशाळेत जाणे हिताचे नाही. त्याने उठल्यानंतर, पाळीवर निघण्यापूर्वीचा वेळ व्यायामासाठी राखावा, आणि पाळी बदलण्याच्या आठवड्यात दिवस कमी करून तीव्रता तेवढी टिकवावी. हिक्सन यांच्या प्रयोगाचा उपयोग येथे होतो.

याच इमारतींतून मुलांकडे राहावयास आलेले आईवडील संध्याकाळी आवारातील बाकांवर बसलेले दिसतात. गावी विहिरीपर्यंतची, देवळापर्यंतची, शेतापर्यंतची त्यांची चाल येथे सुटलेली असते. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १५० मिनिटांखेरीज आठवड्यातून किमान ३ दिवस तोल सांभाळण्याचे व बळकटीचे मिश्र व्यायाम सुचविले आहेत; कारण या वयात पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे हा मोठा धोका असतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, कठड्याला धरून एका पायावर उभे राहणे, एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून सरळ रेषेत चालणे, एवढ्याने त्याची सुरुवात होते, आणि त्यासाठी आवारातील तोच बाक आधाराला पुरतो.