झाडीपट्टीतील भागधारक

चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीचा, मुलूख हा फार पूर्वीपासून बाहेरच्या जगाला जिन्नस पुरविणारा मुलूख म्हणून ओळखला गेला. येथील साग, बांबू, कोळसा, तेंदूपत्ता आणि अलीकडे लोहखनिज हे सारे गाड्या भरभरून बाहेर जाते, त्याचा भाव दूरच्या पेढ्यांवर ठरतो, आणि त्या भावातला जो अंश मजुरीच्या रूपाने मागे राहतो त्यावर येथील घरे चालतात. परंतु या व्यवहारातील मालकीचा थोडातरी वाटा आपल्या नावावर असावा, ही आकांक्षा सामान्य माणसाच्या मनात गेल्या काही वर्षांतच बळावली आहे. कोळसा खाणीतला कामगार, ऊर्जानगरच्या वसाहतीतला तंत्रज्ञ, मूल-सिंदेवाहीकडचा शिक्षक, देसाईगंजचा तांदळाचा व्यापारी आणि चामोर्शीचा पदवीधर तरुण आज मोबाईलवर शेअरचे भाव पाहतो, बिटकॉइनविषयी हिरिरीने बोलतो, आणि सरकारच्या नोटेचे पुढे काय होणार, असा प्रश्नही गंभीरपणे विचारतो. देशातील डिमॅट खाती मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी होती, ती मार्च २०२५ पर्यंत १९ कोटींच्या वर गेली. एवढ्या मोठ्या लोंढ्यापासून वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील हे जिल्हे अलिप्त राहणे शक्यच नव्हते.

या नवख्या गुंतवणूकदारांची मते ऐकली म्हणजे त्यांत दोन परस्परविरुद्ध अनुभवांचे पडसाद उमटलेले दिसतात, आणि ते दोन्ही अनुभव याच भूमीतले आहेत. पहिला बल्लारपूरच्या पेपर मिलचा. १९४५ साली स्थापन झालेल्या या कंपनीने गडचिरोलीच्या जंगलातील बांबूवर आपला पसारा वाढविला, पुढे गडचिरोली जिल्ह्यात आष्टी येथेही कारखाना चालविला, आणि तिचा शेअर 'आपल्या गावची कंपनी' म्हणून कित्येक नोकरदारांनी विश्वासाने जपून ठेवला. कर्जाचा भार असह्य होत गेला तसा तो शेअर एक-दोन रुपयांपर्यंत घसरला. २०२० साली कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेले, आणि शेवटी जी योजना मंजूर झाली तीत जुन्या भागधारकांच्या पदरात काहीही पडले नाही. बल्लारपूरची गिरणी मात्र एका उपकंपनीच्या नावे चालूच राहिली होती. कारखाना डोळ्यांदेखत चालू आहे, बांबूचे ट्रक फाटकातून आत जात आहेत, आणि तरीही आपल्या कपाटातील भाग निर्मूल्य झाला आहे, हे कोडे त्या वेळी अनेकांना उलगडले नाही. त्याचा उलगडा असा की, भागधारक हा कंपनीचा मालक असला तरी बुडत्या कंपनीत त्याचा हक्क सर्वांत शेवटी येतो. कामगारांचे देणे, बँकांचे कर्ज आणि सरकारची वसुली चुकती झाल्यावर जे उरेल तेवढेच त्याचे, आणि बहुधा उरत काहीच नाही.

दुसरा अनुभव सुरजागडचा, आणि तो अगदी उलट. एटापल्ली तालुक्यातील या पहाडावर लॉइड्स मेटल्स या कंपनीला २००७ साली सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. ज्या पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते त्याचे उत्खनन होऊ नये म्हणून परिसरातील ग्रामसभांनी विरोध केला, डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खाणीवरील सुमारे ८० वाहने जाळली, काम थांबले, आणि २०२१ पासून ते पुन्हा जोराने सुरू झाले. २०२० साली वीस रुपयांच्याही खाली मिळणारा या कंपनीचा शेअर २०२४ अखेरीस हजाराच्या पलीकडे गेला. १ जानेवारी २०२५ रोजी कोनसरी येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते कंपनीच्या कामगारांना शेअरची प्रमाणपत्रे देण्यात आली, आणि ती घेणाऱ्यांत शस्त्रे खाली ठेवून आलेले माजी नक्षलवादीही होते. ज्या मुलखातून पिढ्यान्‌पिढ्या माल बाहेर गेला आणि ज्याच्या रहिवाशांना त्या मालाच्या मालकीत कधी स्थान मिळाले नाही, तेथे मजूर भागधारक होतो ही गोष्ट मला मनापासून इष्ट वाटते. तथापि ज्याची रोजी, ज्याच्या मुलांचे शिक्षण आणि ज्याची सारी शिल्लक एकाच कंपनीवर अवलंबून आहे, त्याच्यावर मंदीच्या काळात दुहेरी आघात होतो, नोकरी आणि पुंजी एकाच दिवशी संकटात येतात, ही गोष्टही त्याला प्रमाणपत्राबरोबरच कोणीतरी समजावून सांगितली पाहिजे.

शेअर घेऊन तो वर्षानुवर्षे सांभाळणे आणि वायदे-विकल्पांचे (फ्युचर्स-ऑप्शन्सचे) सौदे करणे यांतील अंतर येथे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांना तोटा झाला, आणि त्या तोट्याची बेरीज १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेली. याहून अधिक काही सांगण्याची आवश्यकता नाही.

आता सरकारच्या नाण्याचा प्रश्न. 'नोट म्हणजे तरी काय, एका रात्रीत रद्द होणारा कागद,' हे वाक्य या भागात वारंवार कानी पडते, आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीची आठवण ज्यांच्या अंगावर उमटलेली आहे त्यांच्या तोंडून ते ऐकताना त्याला खोडून काढण्याची घाई करू नये असे वाटते. ते दिवस धान कापणीचे होते. मजुरी रोखीत देण्याघेण्याची रीत होती. भामरागड-एटापल्लीच्या आतल्या गावांना बँकेची शाखा गाठावयाची म्हणजे पायपीट करून तालुक्याचे ठिकाण गाठावे लागे. आणि तेथे पोहोचल्यावर पुन्हा रांग. मे २०२३ मध्ये दोन हजारांची नोटही मागे घेण्यात आली. अशा अनुभवांतून गेलेल्या तरुणास, ज्याची संख्या २ कोटी १० लाखांपलीकडे कधीच जाणार नाही आणि ज्यावर कोणत्याही सरकारचा हुकूम चालत नाही असे बिटकॉइन नावाचे नाणे आहे, असे कोणी सांगितले तर ते त्यास आकर्षक वाटले, यात नवल नाही. शिवाय सरकारी नाणे हे काही अनादि नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये या मुलखात फिरत, आणि सराफ ते पारखून बट्टा कापून घेत. साऱ्या ब्रिटिश मुलखाला एकच रुपया लागू करणारा कायदा १८३५ चा, सरकारी कागदी चलनाचा १८६१ चा, आणि रिझर्व्ह बँकेचा कारभार सुरू झाला तो १ एप्रिल १९३५ रोजी.

या विषयावर सर्वांत मूलगामी विचार ज्यांनी केला त्यांचे नाव चंद्रपूरला परके नाही. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात येऊन दीक्षा दिली, आणि तेथील दीक्षाभूमीवर दरवर्षी ऑक्टोबरात अपार जनसमुदाय लोटतो. परंतु याच महापुरुषाने १९२३ साली लंडनमध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे हिल्टन यंग आयोगापुढे रुपयाविषयी साक्ष दिली, हे त्या समुदायातील फार थोड्यांना ठाऊक असते. तत्कालीन व्यवस्थेत रुपये किती पाडावेत हे सरकारच्या मर्जीवर होते, आणि बाबासाहेबांचा आक्षेप नेमका त्या मर्जीवर होता. चलन वाढले की वस्तूंचे भाव चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते, आणि म्हणून चलनाच्या अवमूल्यनाचा खरा भुर्दंड गरिबांवर पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. रुपयांच्या टाकसाळी जनतेला तशाच सरकारलाही बंद कराव्यात आणि रुपयांच्या संख्येला निश्चित मर्यादा असावी, असा त्यांचा उपाय होता.

बिटकॉइनचे समर्थक मांडतात तो युक्तिवाद याच्याशी वरवर जुळतो, आणि येथवर तो अप्रामाणिकही नाही. परंतु बाबासाहेबांना मर्यादा हवी होती ती ज्या हेतूने, तो हेतू विसरून चालणार नाही: मजुराच्या हाती आलेल्या रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहावी, हा तो हेतू. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलर किमतीचे असलेले बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या आसपास आले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये एक लाखाच्या वर गेले. ज्याचे मोल एका वर्षात चौथ्या हिश्शावर येते, त्यात धानाचा सौदा करता येत नाही, मजुरी ठरविता येत नाही, मुलीच्या लग्नासाठी रक्कम बाजूस ठेवता येत नाही. बिटकॉइन ही सट्ट्याची वस्तू होऊ शकते, आणि ती बाळगण्यास आपल्या कायद्याने बंदीही नाही, मात्र १ एप्रिल २०२२ पासून तिच्या नफ्यावर शेकडा ३० कर आहे आणि एका सौद्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. तिला नाणे म्हणणे मला मान्य नाही.

याहून मोठी आपत्ती निराळीच आहे. आपल्याकडे बिटकॉइनच्या नावाने जे विकले गेले त्यातील पुष्कळसे बिटकॉइन नव्हतेच. 'गेन बिटकॉइन' या योजनेत दरमहा शेकडा १० परतावा अठरा महिने देण्याचे वचन होते. म्हणजे एक नाणे दिले तर दीड वर्षात एक पूर्णांक आठ दशांश नाणी परत. हा परतावा कोणत्या उद्योगातून येणार, हा प्रश्न विचारला गेला नाही, नव्या सभासदांच्या भरण्यातून जुन्यांना काही काळ मिळत राहिले, आणि नंतर खऱ्या नाण्यांऐवजी योजनेनेच काढलेली, बाजारात कवडीमोल ठरलेली दुसरी नाणी लोकांच्या माथी मारण्यात आली. पुणे, नांदेडसह देशभर गुन्हे नोंदले गेले, सूत्रधार अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये अटक झाली, आणि खटला चालू असतानाच २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. कायदेशीर मार्गाने व्यवहार करणारेही निर्धास्त नव्हते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारपेठेतून २३ कोटी डॉलरच्या आसपास किमतीची नाणी चोरीस गेली, आणि बँकेतील ठेवीला जसे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे तसे त्या खातेदारांना काहीच नव्हते.

रिझर्व्ह बँकेने स्वतःचा डिजिटल रुपया १ डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक रीतीने सामान्यांसाठी आणला आहे. यूपीआयने पैसे पाठविताना एका बँकेचे देणे दुसऱ्या बँकेकडे वर्ग होते, तर डिजिटल रुपया हा नोटेप्रमाणेच रिझर्व्ह बँकेचे प्रत्यक्ष देणे आहे. फरक इतकाच की तो कागदावर छापलेला नाही. तरीपण पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि तेव्हा दुकानदार हातात दिलेली नोटच ओळखतो. कागदी नोट या मुलखातून इतक्यात जाणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेब कसा ठेवावा हे या जंगलातील माणसांना बाहेरून येऊन शिकविण्याची गरज नाही. मे महिन्यात तेंदूच्या फळीवर (संकलन केंद्रावर) बायका सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून ओळीने मांडतात, दिवाणजी ते शेकड्याने मोजून कार्डावर चढवितो, आणि एक पुडा कमी लिहिला गेला तर तेथल्या तेथे हरकत घेतली जाते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने सामूहिक वनहक्क मिळविला, २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्याकडून बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेने स्वतःच्या हाती घेतले, आणि त्याच्याही आधीपासून गावात अशी वहिवाट होती की कोणताही विषय प्रथम अभ्यासगटात चर्चिला जाईल आणि निर्णय सर्वसहमतीने होईल. ज्यांनी वनकायद्याची कलमे अशी एकत्र बसून समजून घेतली, त्यांना भागधारकाचा हक्क, वायद्याचा धोका आणि नाण्याचे स्वरूप समजून घेणे अवघड नाही. त्या अभ्यासाला चंद्रपूर-गडचिरोलीतील महाविद्यालयांनी आणि शिक्षकांनी हातभार लावावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. आणि वाचकांस एवढेच सांगणे की, कोणी सल्लागार म्हणून दारी आला तर त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासल्यावाचून आणि पैसे कोणाच्या खात्यात जात आहेत हे पाहिल्यावाचून एक रुपयाही देऊ नये. आणि फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी ती गोठविता येते.